नवरंग आधी कानाने शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडला राहणारं एक जोडपं आणि त्यांची आठवीतली मुलगी. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला नेमाने जातात. गेल्या जूनमध्ये काही रविवारी त्र्यंबकच्या पुढच्या जंगलात नवरंगासाठी फिरले. शीळ ऐकली, पक्षी एकदाही दिसला नाही. उलट मे संपताना शेजारच्या सोसायटीत जिन्याखाली एक नवरंग मुकाट बसलेला सापडला. मग जंगलातच का दिसत नाही? नेमकं कुठे जावं? मोबाइलवर त्याचा आवाज लावावा का? आणि १०×५० ची दुर्बीण कमी पडते का?

शीळ ऐकू आली ना? मग जागा बरोबर होती आणि महिनाही बरोबर होता. दुर्बिणीचं नंतर बघू. अडचण बघण्याच्या सवयीत आहे, आणि ती सवय आपल्या नाशिकनेच लावलेली आहे.

आपल्याकडच्या बहुतेक पक्षीनिरीक्षकांची नजर पाण्यावर तयार झालेली असते. नांदूरमध्यमेश्वर २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, राज्यातलं पहिलंच. पण त्याच्या कितीतरी आधीपासून नाशिकचा माणूस थंडीत चापडगावच्या बाजूला जाऊन मनोऱ्यावर चढतो आणि थापट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी ओळखायला शिकतो. तिथे पक्षी आधीच समोर असतो. उघडं पाणी, भरपूर ऊन, शेकडो पक्षी. काम उरतं ते नाव लावण्याचं. नवरंगाच्या बाबतीत सगळं उलट. नाव पहिल्या शिळेलाच कळतं, पक्षी मात्र कुठेच नसतो. पाण्यावरची सवय घेऊन माणूस रानात शिरतो, चालत राहतो, नजर सगळीकडे फिरवतो, रंग शोधतो. या तिन्ही गोष्टी नवरंगासाठी चुकीच्या आहेत.

रंगापासून सुरुवात करतो, कारण जास्त फसगत तिथेच होते.

पुस्तकातला नवरंग पाहिला की वाटतं, हा लपेलच कसा? पाठ हिरवी, छाती पिवळसर बदामी, पोटाखाली आणि शेपटीखाली लालभडक, खांद्यावर आणि पाठीच्या शेवटी चमकदार निळा, गळा पांढरा, डोक्यावर काळ्या पट्ट्या. पण ते चित्र बाजूने आणि भर उजेडात काढलेलं असतं. रानात तो जमिनीवर उड्या मारत असतो आणि आपण उभे असतो, म्हणजे दिसते ती पाठ. ती मळकट हिरवी, खाली पडलेल्या ओल्या पानांत सहज मिसळणारी. लाल रंग पोटाखाली, स्वतःच्याच सावलीत. निळा रंग पंख मिटल्यावर खांद्यावरच्या एका ठिपक्यापुरता उरतो.

त्यात उजेडाची भर. मृगातली ढगाळ सकाळ, वर साग-ऐनाची फुटलेली पालवी, खाली करवंदाच्या जाळ्या. अशा संधिप्रकाशात माणसाच्या डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी दिसेनासा होतो. निळा-हिरवा त्यामानाने उजळ राहतो. १९व्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून या परिणामाला त्याचंच नाव आहे. पहाटे साडेपाच-सहाला तुम्ही लाल पोट शोधत असाल तर तुमचा डोळा ते तुम्हाला दाखवणारच नाही. ते काळपट डागासारखं दिसेल, आणि काळपट डागांनी तर जमीन भरलेली असते.

म्हणून रंग सोडून द्या. पांढरा गळा शोधा. अंधुक उजेडात नवरंगाचं तेवढंच एक ठिकाण ठळक दिसतं: पांढरा गळा आणि त्याच्यावर डोळ्यातून मागे गेलेली जाड काळी पट्टी, पट्टीच्या वर भुवईची बारीक पांढरी रेघ. समोरून पाहिलं तर हा पांढरा तुकडा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. दुसरी खूण आकाराची. साधारण १९ सेंटिमीटर, म्हणजे बुलबुलाच्या आसपास. पण शेपूट जवळजवळ नाहीच, पाय लांब आणि मजबूत, बसणं ताठ. ते आखूड शेपूट तो हळूहळू वर-खाली करत असतो. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे ‘हा नर की मादी’ या वादात पडू नका.

आता आवाज. दोन स्वरांची स्पष्ट शीळ, पहिला स्वर चढता आणि दुसरा उतरता, मध्ये जराशी फट. कधीकधी तीन स्वर येतात. पहाटे आणि सांजेला जोर जास्त. आभाळ भरलेलं असेल तर दिवसभरही चालू राहते. या आवाजाची एक गोष्ट कामाची आहे. नवरंग चिमण्यांच्याच मोठ्या गणातला, पण त्यातल्या जुन्या फांदीवरचा. कस्तुर किंवा दयाळ आपलं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात, त्यात भर घालतात, दुसऱ्यांची नक्कल करतात. नवरंगाच्या शाखेतल्या पक्ष्यांना आवाज जन्मजात मिळतो. त्यामुळे तो फार बदलत नाही. घरी बसून झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर दहा-बारा ध्वनिमुद्रणं ऐकलीत तर त्र्यंबकच्या रानातही तोच आवाज भेटेल. घरी ऐका, आणि भरपूर ऐका. रानात वाजवण्याबद्दल पुढे सांगतो.

फसवणारे दोघेतिघे आहेतच. ओढ्याकाठी लांबलचक, माणसाने निवांत शीळ घालावी तशी भटकणारी सुरावट आली तर तो शीळकरी कस्तुर. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे तो हमखास असतो. भृंगराज कोतवाल तर कोणाचीही नक्कल करतो. त्याची ओळख अशी की दोन-चार वेळा शीळ घातली की तो कंटाळतो आणि दुसरंच काहीतरी सुरू करतो. नवरंग कंटाळत नाही.

तुम्ही शीळ ऐकूनही पक्षी पाहू शकला नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हे असावं: तुम्ही जमिनीकडे बघत होता. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘जमिनीवर वावरणारा पक्षी’, आणि ते खरंच आहे. खातो तो जमिनीवर. पालापाचोळा चोचीने उलटून किडे, अळ्या, गांडुळं, गोगलगायी काढतो. पण शीळ घालताना तो बहुतेक वेळा झाडावर चढलेला असतो. आडव्या फांदीवर ताठ बसतो, डोकं मागे टाकतो, चोच वर करतो आणि शीळ घालतो. रात्रीचा मुक्कामही झाडावरच. तेव्हा नियम सोपा: शीळ चालू असेल तोवर मधल्या उंचीच्या आडव्या फांद्या बघायच्या, खोडाकडून टोकाकडे एकेक, शीळ थांबली की जमीन बघायची. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. शीळ चालू असताना करवंदीच्या जाळीत डोकं खुपसतात आणि ती थांबली की वर बघतात.

शिळेची दिशा एकट्याला नीट कळत नाही. दरीत आवाज घुमतो, ओढ्याचं पाणी वाहू लागलं की आणखी घोटाळा. तुम्ही तिघं आहात, हा मोठा फायदा आहे. एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलांवर उभे राहा, शीळ झाली की प्रत्येकाने हात करून दिशा दाखवायची, बोलायचं नाही. तिन्ही हात जिथे मिळतात ते झाड. दोन शिळांमध्ये तो उडून जागा बदलतो, पण फार लांब जात नाही. आपापला इलाखा धरून असतो. दोन-तीन वेळा दिशा घेतलीत की इलाख्याचा अंदाज येतो, आणि मग त्याच्यामागे धावण्याची गरज उरत नाही.

धावायचं नाहीच. बसायचं. आवाजाच्या जागेपासून पंधरा-वीस मीटर अलीकडे, जाड खोडाला पाठ टेकून, समोर थोडी मोकळी जमीन असेल अशा ठिकाणी. ओढ्याचा काठ, जनावरांची पायवाट, जुन्या आंब्या-जांभळाखालची सावलीची जागा जिथे गवत उगवत नाही आणि पाचोळा साचतो, अशा जागा त्याला आवडतात. बसण्याआधी काठीने जागा ढवळून बघा. या दिवसांत फुरसं आणि घोणस दोन्ही असतात, आणि पाचोळ्यातलं फुरसं मलासुद्धा नवरंगापेक्षा उशिरा दिसतं. बसल्यावर अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच उठतात.

कपडे मळकट रंगाचे. प्लास्टिकचा रेनकोट नको, तो प्रत्येक हालचालीला चुरचुरतो. साधी काळी छत्री उत्तम. मांडीवर टेकवून बसलं की माणसाचा आकारच मोडतो. घोंगडी असेल तर त्याहून बरं. मात्र छत्रीवर पाऊस वाजायला लागला की कानाचा उपयोग संपला. खरी वेळ असते उघडिपीची. सर थांबते, झाडं ठिबकत असतात आणि दहा मिनिटांत सगळं रान एकदम बोलायला लागतं.

पाचोळ्याचा आवाजही ओळखायला शिका. पावसाआधी पानं वाळलेली असतात, तेव्हा नवरंगाच्या उड्या ऐकू येतात: दोन-तीन खसखस, मग शांतता, पुन्हा दोन-तीन. सातभाई असतील तर खसखस थांबतच नाही, शिवाय भांडण चालू असतं. सरडा एकदाच सरसर जातो. दोन-चार चांगल्या सरी झाल्या की पानं भिजतात आणि हा सगळा पुरावा बंद होतो.

म्हणूनच वेळेचं गणित नीट समजून घ्या. इंग्रजी तारखांपेक्षा इथे नक्षत्रं जास्त उपयोगी पडतात, शेतकऱ्याला पडतात तशीच. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि वळवाच्या सुमाराला उत्तरेकडे निघतो. सह्याद्रीचा आपल्याकडचा भाग, मध्य भारतातल्या डोंगरांमधली जंगलं आणि हिमालयाचा पायथा इथे तो वीण करतो. प्रवास रात्री. रोहिणीत, म्हणजे २५ मेनंतर, वाटेत थकलेले पक्षी शहरात उतरतात. तुमचा जिन्याखालचा पाहुणा त्यांतलाच. मृग लागला की जंगलात शीळ सुरू होते, आर्द्रात भरात येते. पुनर्वसूपासून, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर, जोड्या घरट्यांत गुंततात. ऑगस्टमध्ये शीळ विरळ होत जाते. परत जाताना तो न बोलता जातो, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसला तर नशीब.

पावसाळ्यातच वीण का, हे मातीकडे बघितलं की कळतं. लाल मखमली मृगाचा किडा फिरू लागतो, पंख फुटलेली वाळवी उठते, वाणी आणि गोगलगायी निघतात, गांडुळं वर येतात. जमिनीवर खाणाऱ्या पक्ष्याला पिल्लं वाढवायला याहून चांगला काळ नाही.

आता यात तुमच्या कामाची खिडकी कोणती? शीळ सुरू झालेली आहे आणि खालचं रान अजून वाढलेलं नाही, एवढीच. मृगाची सुरुवात ते आर्द्राचा पहिला आठवडा. सागाखालची जमीन तेव्हा अजून मोकळी असते. आषाढ चढला की कारवी, तेरडा, रानहळद, गवत सगळं कमरेपर्यंत येतं आणि पाच मीटरवरचा पक्षीही दिसत नाही. शीळ मात्र तेव्हाही जोरात असते. म्हणून जुलैच्या मध्यावर गेलेली मंडळी ‘नुसतं ऐकून’ परत येतात.

कुठे जायचं? नेमका नाला सांगणार नाही, आणि कोणी सांगितला तर तुम्हीही पुढे पाठवू नका. विणीच्या पक्ष्याचा पत्ता ग्रुपवर पडला की दुसऱ्या रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे असतात. पण दिशा सांगतो. नाशिक जिल्हा पावसाच्या हिशेबाने पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कोरडा होत जातो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शहरात साधारण ७००, निफाड-सिन्नरकडे त्याहून कमी. नवरंगाला हवं पानगळीचं, सावलीचं, पाचोळा साचणारं रान. ते पश्चिमेला आहे: अंजनेरी-ब्रह्मगिरीचे पायथे, त्र्यंबकहून हरसूलकडे उतरणारा तोरंगणचा भाग, पेठ आणि सुरगाण्याची सागाची जंगलं. इगतपुरी, भावलीकडे रान चांगलं आहे, पण संततधार लागली की चार-चार दिवस काही ऐकू येत नाही, म्हणून सुरुवात करणाऱ्याने तिकडे जाऊ नये असं माझं मत आहे. घाटमाथ्यावरचे उघडे कडे सोडून द्या. तिथे गिधाडं बघा. नवरंग उताराच्या खाली, ओढ्यालगत.

शहराजवळ बोरगडकडे लक्ष ठेवा. म्हसरूळच्या पुढे, रामशेजच्या शेजारी. २००८ मध्ये तो राज्यातला पहिला संवर्धन राखीव जाहीर झाला, आणि एके काळच्या बोडक्या डोंगरावर आज बऱ्यापैकी झाडी उभी आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यानही रोहिणीच्या दिवसांत पहाटे चाळण्यासारखं आहे, प्रवासी पक्ष्यांसाठी.

आणि रविवार सोडा. पहिन्याला पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी आठनंतर गाड्यांची रांग आणि स्पीकर असतात. मधल्या वारी जमत नसेल तर साडेपाचच्या आत रानात असायला हवं, म्हणजे गंगापूर रोडवरून साडेचारला निघणं आलं. राखीव जंगलात शिरण्याआधी गावात वनरक्षकाला किंवा वन समितीच्या माणसाला विचारा. परवानगीचा प्रश्न तर आहेच, शिवाय ओढ्याला वरून पाणी कधी येतं हे त्यांनाच ठाऊक असतं.

गावात विचारताना मोबाइलवरचा फोटो दाखवू नका. फोटो दाखवला की गुराखी बाबा खंड्यालाही ‘हाच’ म्हणतात, नीळपंखालाही ‘हाच’ म्हणतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्याऐवजी शीळ घालून दाखवा. “बाबा, असं वरडणारं पाखरू कुठं हाय?” म्हटलं की उत्तर नेमकं येतं: “ते व्हय, ते तं पाण्याआधी वरडतंय, तिकडं आंब्याखाली वहाळात.” ज्यांची गुरं रोज त्या रानात जातात, त्यांच्या कानाला हा पक्षी पाठ असतो, भले डोळ्याला नसेना.

बसल्या जागी आणखी कोणकोण येईल तेही माहीत असू द्या. नारिंगी डोक्याचा कस्तुर त्याच जमिनीवर तसाच पानं उलटतो आणि क्षणभर काळीज हलवून जातो. त्याचं डोकं-छाती नारिंगी, पाठ निळसर राखाडी, शेपूट व्यवस्थित. पाचू कवडा हिरव्या पंखांमुळे फसवतो, पण त्याची चाल कबुतराची. टिकेलचा निळा माशीमार आणि लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक त्याच झाडीत सापडतात. एखाद्या दिवशी नवरंग आला नाही आणि हे चौघे आले, तर मी तो दिवस वाया गेला म्हणत नाही.

मोबाइलवर आवाज लावण्याबद्दल: लावू नका. उपयोग होत नाही म्हणून नव्हे. उपयोग फार होतो, म्हणूनच. नवरंग आपल्या इलाख्यात दुसरा नर शिरला असं समजून लगेच धावत येतो, अगदी समोरच्या फांदीवर. फोटो मिळतो. पण तो नसलेल्या शत्रूला शोधत बराच वेळ तिथेच शिळा घालत बसतो. हा काळ खाण्याचा, जोडीदाराचा, घरट्याचा. नर आणि मादी दोघंही घरटं सांभाळतात. घरटं म्हणजे काटक्या, मुळं, गवत आणि वाळक्या पानांचा ओबडधोबड गोळा, बाजूला तोंड, जमिनीवर किंवा खालच्या बेचक्यात. मुंगूस, साप, मांजर, कावळा सगळ्यांच्या आवाक्यात. तिथून एक पालक उठला की धोका वाढतो. आणि एका माणसाने एकदा वाजवून प्रकरण थांबत नाही. त्याच नाल्यावर सकाळपासून पाच गट येतात. काही ठिकाणी अळ्या टाकून, आडोसा उभारून पैसे घेऊन फोटो काढून देतात. तेही मला पटत नाही. आवाज ओळखायला मर्लिनसारखं ॲप चालू ठेवायला हरकत नाही, ते फक्त ऐकतं. पण त्याने नाव दाखवलं म्हणून नोंद करू नका. भृंगराजाच्या नकलेला ॲपही फसू शकतं.

चोचीत गांडुळांचा घोस घेऊन पक्षी उभा आहे आणि खात नाही, किंवा एकाच जागी अस्वस्थ आवाज काढतोय, असं दिसलं तर घरटं जवळ आहे आणि तुम्ही वाटेत आहात. कॅमेरा न उचलता आल्या वाटेने मागे या. पक्षी पाहायचा होता, तो दिसलाच आहे.

दुर्बीण. १०×५० वाईट नाही. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते: १०×५० ला ५ मिलिमीटर, ८×४२ ला ५.२५, खिशातल्या १०×२५ ला अवघी अडीच. म्हणजे उजेडाच्या बाबतीत तुमची दुर्बीण ठीक आहे. खिशातली घेऊन जाणाऱ्यांना मात्र पहाटे काही दिसत नाही. तुमच्या दुर्बिणीत तपासायचं ते दुसरंच. ती किती जवळचं स्पष्ट दाखवते? पाण्यावरच्या पक्ष्यांसाठी घेतलेल्या कित्येक १०×५० दुर्बिणी पाच-सहा मीटरच्या आत धूसर होतात, आणि नवरंग कधीकधी तीन-चार मीटरवर येऊन उभा राहतो. गॅलरीतल्या कुंडीवर बघून आजच खात्री करा. शिवाय दहापट मोठेपणाला दृश्य अरुंद आणि हाताचा थरथराट जास्त. नवी घ्यायचीच असेल तर ८×४२, पाणी न शिरणारी. बसल्यावर समोरच्या दहा-बारा मीटरवरच्या खोडावर आधीच फोकस करून ठेवा, म्हणजे पक्षी आल्यावर चाक फिरवण्यात वेळ जात नाही.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एकच सांगतो. त्या उजेडात आयएसओ ३२०० च्या वर आणि शटर १/१०० च्या आसपास अशीच वेळ येते, हातात धरून फोटो हलतो. एकपायी स्टँड घ्या. फ्लॅश नको. पहिल्या वर्षी कॅमेरा घरी ठेवलात तर पक्षी जास्त दिसेल.

जिन्याखाली सापडलेल्या पक्ष्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढच्या मेसाठी: नवरंग सोसायटीत, शाळेच्या व्हरांड्यात किंवा दुकानाच्या काचेखाली बसलेला आढळला तर बहुतेक वेळा तो थकलेला किंवा काचेला आदळून सुन्न झालेला असतो. तो आजारी नसतो, पाळीवही नसतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड टाकून ठेवा, झाकण लावा, अंधार आणि शांतता द्या. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. भात, बिस्किट, दूध काही नको. मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका. तास-दोन तासांनी तो खोक्यात उड्या मारू लागला की दाट झाडीच्या, मांजर नसलेल्या जागी खोकं उघडून बाजूला व्हा. दुपारच्या उन्हात नको. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा मान वाकडी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी ठेवून बरा करायचा प्रयत्न नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तसं ठेवताही येत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री गच्चीवरचे आणि जिन्यातले मोठे दिवे बंद ठेवता आले तर सोसायटीच्या बैठकीत तेवढा विषय मांडा.

मुलीला नक्की न्या. आठवीच्या वयात कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, दिशा दाखवण्याच्या खेळात तीच जिंकेल. तिला मधल्या जागी उभी करा, कडेला तुम्ही दोघं. गमबूट, बदलायला मोजे आणि आवाज न करणारा खाऊ बरोबर ठेवा; कुरकुऱ्यांचं पाकीट रानात फटाक्यासारखं वाजतं. पहिल्या बैठकीला वीस मिनिटं पुरेत, पुढे ती स्वतःच वाढवून मागेल. पुढच्या मृगात पहिल्या मधल्या वारी सुट्टी टाका. शाळा तोवर सुरू व्हायची असते.